अर्ज लेकीचा, काळजी आईची

मैत्रिणींनो, पूर्वी परदेशी गेलेल्या मुलांची पत्रं आपल्याकडे यायची. निळ्या कागदाची, कडा चिकटवलेली, पोस्टमनने हाक मारून हातात दिलेली. आता तसं पत्र येत नाही. आता येतो फोन, आणि फोनवर येतं ते मुलांनी दुसऱ्याच कुणाला लिहिलेलं पत्र. "आई, एका कंपनीत अर्ज टाकतेय, जरा वाच ना." रात्रीचे साडेअकरा झालेले असतात, ओटा आवरून आपण नुकत्या कुठे टेकलेल्या असतो, आणि चष्मा शोधत आपण म्हणतो, "अगं, मला काय कळतंय त्यातलं? बाबांना दाखव."

बाबांना दाखवू नका असं मी म्हणत नाही. पण त्या पत्रातलं तुम्हांला पुष्कळ कळतं. काही बाबतींत तर बाबांपेक्षा, आणि त्या मुलीपेक्षाही जास्त कळतं. कसं, ते सांगते.

नाशिकात गंगापूर रोडला जा, इंदिरानगरला जा, नाही तर नाशिकरोडला. हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांत एखादीची तरी लेक नाही तर लेक-जावई जर्मनीत, आयर्लंडात, कॅनडात शिकायला गेलेले असतात. कौतुक होतं, पेढे वाटून झालेले असतात. पण त्या कौतुकामागे बँकेचं कर्ज असतं, कधी घराची कागदपत्रं गहाण पडलेली असतात, आणि ते कर्ज तिकडच्या पगारातून फिटेल असा हिशेब मांडलेला असतो. मुलीची पदवी झाली की एक घड्याळ टिकटिक करायला लागतं. नेदरलँड्समध्ये शिकलेल्या परदेशी विद्यार्थ्याला पदवीनंतर काम शोधायला एक वर्ष मिळतं. जर्मनीत अठरा महिने. ब्रिटनमध्ये दोन वर्षं, पण १ जानेवारी २०२७ पासून जे अर्ज करतील त्यांना, पीएच.डी. झालेले सोडून, अठराच महिने. अमेरिकेत बारा महिने, विज्ञान-इंजिनिअरिंगवाल्यांना पुढे आणखी चोवीस. मात्र पहिल्या बारा महिन्यांत सगळे मिळून नव्वद दिवसांपेक्षा जास्त काळ बिनकामाचं राहिलेलं चालत नाही. हे नियम सारखे बदलतात, म्हणून शेजारच्या बंटीने काय सांगितलं त्यावर जाऊ नका. त्या-त्या सरकारचं संकेतस्थळ आणि मुलीच्या विद्यापीठातलं परदेशी विद्यार्थ्यांचं कार्यालय, या दोनच जागा खऱ्या.

या मोजक्या महिन्यांत मुली शंभर-शंभर अर्ज पाठवतात. आणि शंभर ठिकाणी एकच पत्र जातं. खरी गोम इथेच आहे.

बायोडाट्याबरोबर जोडायच्या या पत्राला तिकडे कव्हर लेटर म्हणतात. एक पान, तीन-चार परिच्छेद, बस. गुण, पदव्या, तारखा हे सगळं बायोडाट्यात असतंच. पत्रात एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं: या कामाला हीच मुलगी का?

लग्नाचा बायोडाटा नव्हे!

आपल्या घराघरांत एक बायोडाटा सगळ्यांना लिहिता येतो, तो म्हणजे लग्नाचा. वर श्रीगणेशाय नमः, मग जन्मवेळ, उंची, वर्ण, वडिलांचा हुद्दा, मामांचं गाव, अपेक्षा अनुरूप. हसू नका, नोकरीच्या अर्जांतही हेच उतरतं! वडिलांचं पूर्ण नाव, जन्मतारीख, धर्म, विवाहित की अविवाहित, खाली फोटो. अमेरिका-ब्रिटनमध्ये यातलं काहीही घालत नाहीत. वय, धर्म, लग्न यांवरून माणूस निवडल्याचा आरोप येऊ नये म्हणून तिथल्या कंपन्यांना ही माहिती नकोच असते, फोटोसुद्धा नको. जर्मनीत बायोडाट्यावर फोटो लावायची जुनी पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे, पण सक्ती नाही. वडिलांचं नाव मात्र तिथेही कुणी विचारत नाही. बाबांना वाईट वाटेल, वाटू द्या.

दुसरी सवय शाळेतली. 'मा. मुख्याध्यापक साहेब यांचे सेवेशी, अर्जदार नम्रपणे विनंतीअर्ज करते की' ही सुरुवात आणि 'आपली आज्ञाधारक' हा शेवट आपण सगळ्यांनी गिरवलेला. मुलगी इंग्रजी माध्यमात शिकली तरी अर्ज म्हणजे हात जोडून मागणं, हे मनातून जात नाही. मग पत्र असं होतं (मराठीत मांडून दाखवते):

"आदरणीय महोदय, आपल्या नामांकित कंपनीत काम करण्याची माझी मनापासून इच्छा आहे. मी मेहनती, प्रामाणिक व शिकण्यास उत्सुक असून कोणतेही काम करण्यास तयार आहे. मी दूर भारतातून आले असून माझ्यावर शैक्षणिक कर्ज आहे. तरी कृपया मला एक संधी द्यावी, ही नम्र विनंती."

यात खोटं काय आहे? काहीच नाही. पोर खरंच मेहनती आहे, खरंच कर्ज आहे. वाचून आपल्या डोळ्यांत पाणी येईल. पण कंपनीचं नाव बदलून हेच पत्र बिस्किटाच्या कारखान्यात पाठवा, इस्पितळात पाठवा, बँकेत पाठवा, कुठेही चालेल. आणि जे कुठेही चालतं ते कुठेच चालत नाही, हे आपल्याला स्वयंपाकघरातल्या अनुभवावरून ठाऊक आहे. सगळ्या भाज्यांना एकच मसाला घालणाऱ्या सुगरणीचं कौतुक कोण करतं?

'कोणतेही काम करण्यास तयार' हे वाक्य तर मुद्दाम खोडायला लावा. आपल्या कानांना त्यात नम्रता ऐकू येते. तिकडचा वाचणारा म्हणतो, हिला स्वतःलाच ठाऊक नाही हिला काय येतं ते. कर्जाचंही तसंच. त्याला दया येईलही, पण दया येऊन कुणी पगारावर ठेवत नाही.

आता तुमचं काम

मग लिहायचं काय? इथे आईची गाठ पडते. समजा, तुमची लेक दिंडोरी-पिंपळगाव बसवंतच्या बाजूची. नाशकात फूड टेक्नॉलॉजी शिकली, आता नेदरलँड्समधल्या वाखेनिंगन विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासाला आहे. तिने रॉटरडॅमजवळच्या एका फळं आयात करणाऱ्या कंपनीत अर्ज करायचं ठरवलंय. पत्रात ती लिहिते, 'अन्नप्रक्रिया विषयात मला रस आहे.' तुम्ही वाचता आणि तुमच्या मनात येतं, अगं, पण तू दोन हंगाम काकांच्या पॅकहाउसमध्ये जात होतीस ना? पहाटे स्वेटर घालून?

"ते काय सांगायचं आई, ते तर घरचंच काम," असं ती म्हणेल. तिला सांगा, तेच सांगायचं.

कारण पाहा, रॉटरडॅमला जी भारतीय द्राक्षं उतरतात ती बहुतेक करून आपल्याच जिल्ह्यातली. अर्धा-अर्धा किलोच्या डब्यांत भरलेली, पेट्यांवर क्रमांक घातलेले, शीतकंटेनरमधून कित्येक आठवडे जहाजावर प्रवास केलेली. २०१० साली क्लोरमेक्वॅट नावाच्या रसायनाचा अंश सापडला म्हणून युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले होते. त्या वर्षी द्राक्षवाल्या घरांत काय झालं, ते तुम्हांला माझ्यापेक्षा चांगलं आठवत असेल. कुणाचं लग्न पुढे गेलं, कुणाचा ट्रॅक्टर गेला. ज्या मुलीने लहानपणी ते घरात पाहिलं, तिला फवारणीची नोंद आणि प्रयोगशाळेचा दाखला म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. पेटीवरच्या क्रमांकावरून बाग कुठली ते शोधून काढणारी अपेडाची ग्रेपनेट ही व्यवस्था २००६ पासून आहे; तिचे कागद या मुलीने हाताळलेले आहेत. त्या डच कंपनीला हवं ते माणूस हेच! आणि पोरगी लिहिते काय, तर 'मला रस आहे'.

तेव्हा तिला फोनवर विचारत बसा. मराठीत विचारा. तू तिथे नक्की काय करायचीस? सकाळी गेल्यावर पहिलं काय? रिफ्रॅक्टोमीटरने साखर बघायचीस, ती किती पेट्यांमागे एकदा? तापमान कोण लिहायचं? कधी काही चुकलं होतं का, आणि मग तू काय केलंस? तिने सांगितलेलं एका जुन्या वहीत टिपून घ्या. हा शेवटचा प्रश्न सोडू नका. बहुतेक वेळा पत्रातलं सगळ्यात चांगलं वाक्य त्याच्याच उत्तरात दडलेलं असतं. आणि मराठीत विचारलं की मुली फुगवून बोलत नाहीत, जसं घडलं तसं सांगतात. इंग्रजी नंतर होतं.

मग पत्र कसं होईल, पाहा:

"आपल्या जाहिरातीत फळांची प्रत तपासणारा सहायक हवा असं म्हटलं आहे. आपल्या गोदामात येणारी भारतीय द्राक्षं ज्या नाशिक जिल्ह्यातून निघतात, तिथल्या एका पॅकहाउसमध्ये मी दोन हंगाम काम केलं आहे. साखरेचं प्रमाण मोजणं, शीतगृहाच्या तापमानाची दर दोन तासांनी नोंद ठेवणं आणि पेट्यांवरचे क्रमांक कागदपत्रांशी ताडून पाहणं हे माझं काम होतं. एकदा रात्रीच्या नोंदींत तापमान चढलेलं माझ्या लक्षात आलं, आणि कंटेनर भरण्याआधी त्या पेट्या बाजूला काढता आल्या. सध्या वाखेनिंगन विद्यापीठात मी फळं काढणीनंतर कशी टिकतात या विषयावर प्रबंध लिहीत आहे. पदवीनंतर एक वर्ष मला या देशात वेगळ्या परवान्याशिवाय काम करण्याची मुभा मिळते. डच भाषेचा पहिला अभ्यासक्रम मी पुरा केला आहे. १ सप्टेंबरपासून मी कामावर येऊ शकते."

कुठे हात जोडलेत? कुठे फुशारकी मारली? 'मेहनती' हा शब्दसुद्धा नाही; पण दर दोन तासांनी उठून नोंद ठेवणारी मुलगी मेहनती आहे हे वाचणाऱ्याला कळतंच की!

तुमच्या घरी द्राक्षं नसतील. लेक सातपूरच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये सहा आठवडे उमेदवारी करून आली असेल. मुलगा मायकोत प्रशिक्षणाला असेल. आपण अजून मायकोच म्हणतो, पण तिकडे बॉश लिहायला सांगा, कारण जर्मनीतल्या वाचणाऱ्याला ते नाव त्याच्या घरचं आहे. कुणी २०१५ च्या सिंहस्थात स्वयंसेवक म्हणून रामकुंडावर उभं राहिलं असेल. त्याच सुमारास नाशिकमध्ये 'कुंभथॉन' झालं, अमेरिकेतल्या एमआयटीचे आपले नाशिककर प्राध्यापक रमेश रासकर यांच्या पुढाकाराने. गर्दी, पाणी, आरोग्य यांचे प्रश्न घेऊन कॉलेजची पोरं तिथे रात्री जागली होती. तुमच्या मुलाने त्यात काय केलं ते विचारा, 'भाग घेतला' एवढ्यावर सोडू नका. आणि सोसायटीच्या गणपतीचा जमाखर्च सांभाळला असेल तर तोही आकड्यासकट लिहायला सांगा.

एका अठरा वर्षांच्या मुलीचं पत्र

तुम्ही म्हणाल, आपल्या मुलींना असं स्वतःबद्दल ठासून लिहायची सवय कुठे आहे? आहे की. फार जुनी आहे.

आनंदीबाई जोशी सगळ्यांना ठाऊक आहेत, श्री. ज. जोश्यांची 'आनंदी गोपाळ' कादंबरी आपल्यापैकी कितीजणींनी रडत रडत वाचली असेल. पण त्यांनी अर्ज कसा केला, हे फारसं सांगितलं जात नाही. आधी गोपाळरावांनी १८७८ साली अमेरिकेतल्या मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला. स्वतःला तिकडे नोकरी मिळावी आणि पत्नीला शिक्षण, असं त्यांचं मागणं होतं. उत्तर आलं ते ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याच्या उपदेशाचं. ती पत्रं तिकडच्या एका मासिकात छापली गेली आणि न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी ती दाताच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या वाचली, त्यातून पुढे ओळख झाली, म्हणजे पत्र अगदीच वाया गेलं असं नाही. पण कॉलेजचा दरवाजा उघडला तो दुसऱ्या पत्राने, आणि ते आनंदीबाईंनी स्वतः लिहिलेलं होतं.

जून १८८३. अमेरिकेत पोचून महिनाही झाला नव्हता. वय अठरा. पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे एक पदाधिकारी अल्फ्रेड जोन्स यांना, नाव घालून, त्यांनी पत्र लिहिलं. त्यात त्या काय म्हणतात पाहा. प्रवेशाच्या सगळ्या अटी मी पुऱ्या करत नसेन, पण माझी गोष्ट वेगळी आहे, तेव्हा सांभाळून घ्यावं. माझी प्रकृती चांगली आहे. मित्रमंडळी आणि जात, सगळ्यांचा विरोध पत्करून ज्या निर्धाराने मी तुमच्या देशात आले, तोच निर्धार मला इथेही उपयोगी पडेल. आणि मी आले आहे ती माझ्या देशातल्या अशा बायकांसाठी, ज्या पुरुष डॉक्टरकडून उपचार करून घेण्यापेक्षा मरण पत्करतील.

उणीव आहे ती एका वाक्यात कबूल केली आणि तिथेच सोडली, तिच्यावर रडत बसल्या नाहीत. स्वतःकडे काय आहे ते सांगितलं. आणि येण्याचं कारण असं सांगितलं की ते दुसऱ्या कुणाच्याच पत्रात असू शकलं नसतं. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं होतं, ते त्यांनी तिथे उगाळलं नाही. 'सांभाळून घ्यावं' हे मात्र आहे बरं का, ती त्या काळची रीत. प्रवेश मिळाला. ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या, आणि कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागावर त्यांची नेमणूक केली. परदेशात शिकणाऱ्या मराठी मुलीला मिळालेल्या पहिल्या नोकऱ्यांतली ती एक असावी. ती नोकरी त्यांना करता आली नाही. क्षयाने पोखरलेलं शरीर घेऊन त्या परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या.

हे सगळं मी एवढं लांबवून सांगितलं, कारण अजूनही आपल्याकडे मुलीचा अर्ज वडील लिहितात, भाऊ लिहितो, लग्न झालं असेल तर नवरा लिहितो. प्रेमापोटीच लिहितात. पण मुलाखतीला ती एकटीच बसणार आहे, आणि पत्रातली भाषा तिच्या तोंडात नसली की दोन प्रश्नांत कळतं. तुम्ही विचारा, टिपून घ्या, वाचून दाखवा. वाक्य मात्र तिचं तिलाच करू द्या.

लग्न झालेल्या मुलींचा, आणि आपल्यापैकी ज्या स्वतः चाळिशीत पुन्हा शिकायला निघाल्या आहेत त्यांचा, एक वेगळा प्रश्न असतो: मधली घरी गेलेली वर्षं. मूल लहान होतं, सासूबाई आजारी होत्या. बायोडाट्यात ती जागा रिकामी दिसते, आणि ती दिसू नये म्हणून तारखांची ओढाताण करतात. तसं करू नका. 'या चार वर्षांत मी घरच्या जबाबदारीसाठी पूर्ण वेळ दिला, त्यानंतर अमुक अभ्यासक्रम केला,' एवढं एक सरळ वाक्य पुरतं. त्यात माफी नको आणि 'गृहिणी म्हणजे घराची मॅनेजर' असली शोभिवंत वाक्यंही नकोत. ती महिला दिनाच्या भाषणात बरी दिसतात.

आता जरा कडू बोलते. कुणीतरी ओळखीचा निघतोच, "माझं वर्कशॉप आहे अंबडला, दोन वर्षांचा अनुभवाचा दाखला देतो लिहून, त्यात काय." घेऊ नका. कंपन्या असे दाखले तपासतात, त्या कामासाठी माणसं नेमतात. आणि खोटं उघडकीला आलं तर नोकरी जाण्यावर भागत नाही, राहण्याचा परवानाही अडचणीत येतो. घर गहाण ठेवून पाठवलेल्या मुलीच्या पायाखाली असली फळी टाकायची नाही. तसंच, नोकरी देतो म्हणून आधी पैसे मागणारा, मग तो कितीही गोड बोलो, आणि कंपनीच्या कागदावर पत्र दाखवो, त्याला एक रुपया द्यायचा नाही. पत्र तपासून द्यायला विद्यापीठातच करिअरचं कार्यालय असतं, ते विद्यार्थ्यांकडून बहुधा काही घेत नाही. तिथे ती एकदा तरी गेली का, हे जरूर विचारा. आपल्या मुली संकोचाने जात नाहीत.

आणि यंत्राचं काय? आता संगणकाला सांगितलं की दहा सेकंदांत झकास पत्र तयार होतं. व्याकरण तपासायला, शब्द बदलून पाहायला जरूर वापरावं. पण जी माहिती त्याला दिलीच नाही ती ते कुठून आणणार? ते पुन्हा 'मेहनती, उत्सुक, नामांकित' हेच इंग्रजीत चकचकीत करून देतं, आणि तसली पत्रं निवड करणाऱ्यांच्या टेबलावर ढिगाने येतात. पॅकहाउसमधली ती रात्र त्याला माहीत नाही. ती तुमच्या वहीत आहे.

आता बारीकसारीक. 'सर/मॅडम' लिहिण्याआधी जाहिरातीखाली कुणाचं नाव आहे का ते पाहावं, आणि असेल तर आडनावाने संबोधावं. जर्मनीत पदव्यांच्या आणि दाखल्यांच्या प्रती जोडतात, आणि जाहिरातीत विचारलं असेल तर पगाराची अपेक्षा व रुजू होण्याची तारीखही लिहितात. विचारलेलं लिहायचं राहिलं तर अर्ज अर्धवट समजतात. शिकता शिकता करायच्या कामाला अर्ज असेल तर तासांची मर्यादा तिला पाठ हवी: कॅनडात सत्र चालू असताना आठवड्याला २४ तास, ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांना साधारणपणे २०, जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे. परवान्याबद्दलचं वाक्य पत्रात शेवटाकडे एकदाच यावं, साधं, तारखेसकट. ते लपवलं तर वाचणारा सगळ्यात वाईट तेच गृहीत धरतो, आणि पहिल्याच ओळीत घातलं तर त्यापुढे वाचत नाही. पाठवण्याआधी पत्र तिला मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही डोळे मिटून ऐका. जिथे तुम्हांला 'ही आपली पोर बोलत नाहीये' असं वाटेल, तिथे थांबवा. इंग्रजी येत नसलं तरी ते कळतं.

अर्ज गेल्यावर दोन आठवड्यांनी, काहीच उत्तर नसेल तर, दोन ओळींचं विचारणापत्र पाठवायला हरकत नाही. दुसऱ्यांदा नको. बहुतेक ठिकाणांहून नकार येईल, कित्येक ठिकाणांहून तोही येणार नाही. कुठे अर्ज केला, कधी केला, काय उत्तर आलं, याचा एक तक्ता तिने ठेवावा. आणि "काय गं, झालं का नोकरीचं?" हा प्रश्न आठवड्यातून एकदाच, रविवारी विचारा. बाकीचे सहा दिवस तिला इकडचं सांगा. कैरीचं लोणचं घातलं ते सांगा, शेजारच्या मांजरीला पिल्लं झाली ते सांगा, आणि पावसाळा असेल तर गोदेला पूर आलाय का, दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं, तेही सांगा.